राग आला का त्याला?

नाना दारातून नेहमी आडवे आत यायचे. आधी छत्री, मग टोपी, मग नाना. छत्री उघडीच असायची. बाहेर ऊन असो, ढग असोत की संध्याकाळ झालेली असो, आत आल्यावरही ती मिटायची नाही. कोपऱ्यातल्या डाळीच्या चुनीच्या पोत्यांवर ती उलटी ठेवली जायची आणि दिवसभर छताकडं तोंड करून पडून राहायची. एकदा मी म्हटलं होतं, ‘नाना, मिटा की ती.’ त्यावर ते म्हणाले, ‘ती मिटणारी नाही.’ हे त्यांनी इतक्या अभिमानानं सांगितलं, की बाकी जगाच्या छत्र्या भित्र्या असतात असंच मला वाटलं.

जळगावातल्या एका डाळ गिरणीचे ते दिवाणजी. गिरणी शेठची होती, पण ती चालायची नानांच्या कपाळावरच्या आठ्यांवर. मी तिथं कॉम्प्युटर ऑपरेटर होते. हे दोन शब्द तेव्हा मी घरी आरशासमोर उभी राहून म्हणून बघायची. कधी मान डावीकडं कलती करून, कधी चष्मा नाकावर घेऊन. चष्म्याचा नंबर जवळजवळ नव्हताच. पण कॉम्प्युटरवाल्या बाईला चष्मा पाहिजे, अशी माझी समजूत होती.

गेलं शतक संपायला तेव्हा थोडीच वर्षं उरली होती. शहरात इंटरनेट नुकतं आलं होतं आणि डाळ परदेशी विकायची हवा शेठच्या डोक्यात शिरली होती. वानग्यांच्या खोलीतून, म्हणजे डाळीचे नमुने ठेवायच्या खोलीतून, फळ्या काढल्या, भिंती रंगवल्या, एक कूलर लावला आणि मधोमध कॉम्प्युटर बसवला. मी आत जाताना चपला बाहेर काढायची. दसऱ्याला मी त्या पडद्यावर कुंकवाचं बोट लावलं, ते असं ठसठशीत लावलं की पुढं वर्षभर तुरीच्या भावाच्या आकड्यांत एक तांबडा डाग दिसायचा. पुसता येत नव्हता असं नाही. पुसायची हिंमत नव्हती.

शेठनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. ‘ताई, दिवाळीपर्यंत या डब्यातून एक गिऱ्हाईक बाहेर निघालं पाहिजे. नाही निघालं तर डबा विकून टाकू. आणि डबा नसला की…’ पुढचं ते बोलले नाहीत. भला माणूस होता. पण डबा नसला की ताई नाही, हे कळायला कॉम्प्युटरचा कोर्स लागत नाही.

माझं काय जाणार होतं ते सांगून ठेवते, म्हणजे पुढं मी एवढी का चिडते ते कळेल. लग्नानंतर दहा-बारा वर्षं मी सासूबाईंच्या पापडांच्या पाटावर काढली होती. पाट त्यांचा, पापड त्यांचे, गिऱ्हाइकं त्यांची. माझे फक्त हात. गिरणीत मला आयुष्यात पहिल्यांदा एक खुर्ची मिळाली होती. फिरणारी होती ती. खोलीत कोणी नसलं की मी तिच्यावर एक पूर्ण गिरकी घेऊन बघायची. खुर्ची गेली असती तर परत पाट. बस, एवढंच. 

आणि ही खुर्ची टिकवायची तर समोर नाना.

माझ्या मुलाखतीपासूनच त्या माणसानं मला छळायला घेतलं. मी नवी साडी नेसून, सर्टिफिकेट फायलीत घालून गेले. नाना गादीवर मांडी घालून तुरीचा एक दाणा दाताखाली फोडत होते. फायलीकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, ‘माहेर सावद्याचं? घरात केळीचा धंदा? मग नोकरी कशाला पाहिजे? नवऱ्यानं टाकलंय का?’

माझ्या कानांतून वाफ निघाली. फाईल त्यांच्यापुढं आपटली आणि म्हटलं, ‘माझा नवरा पाइपच्या कारखान्यात तिसऱ्या पाळीला जातो आणि सकाळी आल्यावर मला चहा करून देतो. असल्या गिरणीत मी पाय ठेवणार नाही.’ आणि निघाले. गेटापर्यंत गेले. तिथं पाय उगाच रेंगाळला. मागून वॉचमन पळत आला. ‘ताई, नानांनी सांगितलंय, सोमवारपासून या.’

माझी खात्री पटली, माझ्यामागं त्यांनी फाईल उघडली असणार आणि सर्टिफिकेट बघून त्यांचे डोळे पांढरे झाले असणार. ही हकिगत मी सावद्याला भावाला सांगितली, धुळ्याला नणंदेला सांगितली, भाजीवालीलाही सांगितली. सांगताना प्रत्येक वेळी सर्टिफिकेट थोडं मोठं होत जायचं.

*

नानांच्या गादीशेजारी भिंतीवर दोन तारा होत्या, टोकाला वाकवलेल्या. आलेलं पत्र पहिल्या तारेत खुपसायचं. त्याला उत्तर गेलं की ते दुसऱ्या तारेत जायचं. पहिल्या तारेवर पत्र ठेवून नाना कधी घरी गेले नाहीत. लग्नपत्रिका असो, विजेचं बिल असो, कुठल्याशा औषध कंपनीचं छापील पत्रक असो, उत्तर जायचंच. ‘माणूस दारात आला आणि आपण आतून कडी लावून बसलो, असं होतं ते,’ ते म्हणायचे. त्या औषध कंपनीला त्यांनी लिहिलं होतं, की तुमचं बद्धकोष्ठावरचं चूर्ण मिळालं नाही, फक्त पत्रक मिळालं, आणि तूर्त आम्हाला तो त्रास नाही, तरी आपण सुखरूप असालच.

आता अशा माणसाच्या हाताखाली इ-मेल आला.

पहिला आला तो दिवस मी विसरणार नाही, कारण गिरणीतल्या हमालांनी तो मला कधी विसरू दिला नाही. इंग्रजीत लिहिलं होतं: अभिनंदन, साऱ्या जगातून आपली निवड झाली आहे, घरबसल्या काहीही काम न करता अमाप पैसा मिळवा, ही संधी फक्त आपल्यासाठी. मी ‘फक्त आपल्यासाठी’ पुन्हा पुन्हा वाचलं. चपला न घालताच शेठकडं धावले. ‘शेठ, अमेरिकेनं आपली निवड केली!’

शेठ भोळे होते आणि मी सर्टिफाइड होते. त्यांनी पेढे मागवले. हमालांपर्यंत पेढे वाटले गेले. एकानं विचारलं, ‘कसाना पेढा शेत हे?’ दुसरा म्हणाला, ‘ताईले अमेरिकानी निवाडं!’

नानांनी पेढा तळहातावर घेतला, पण खाल्ला नाही.

‘कोणी निवडलं?’

‘अमेरिकेतल्या एका साहेबानं.’

‘नाव काय त्याचं?’

‘नाव नाही लिहिलेलं.’

‘गाव?’

‘तेही नाही.’

‘बरं, मामा कोण त्याचा?’

‘नाना!’ मी म्हणाले. ‘अमेरिकेत मामा नसतात!’

हे मी म्हणाले. बी. ए. झालेली बाई.

दुसऱ्या दिवशी तेच पत्र आणखी चार वेगवेगळ्या नावांनी आलं. चारही वेळा ‘फक्त आपल्यासाठी’. पेढे एव्हाना पचले होते. नानांनी त्यांचा पेढा कागदात बांधून ठेवला होता, तो शांतपणे माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि छत्री घेऊन, आडवे होऊन, निघून गेले. पुढं कितीतरी दिवस हमाल पोती उचलता उचलता विचारायचे, ‘ताई, आज काय म्हनस अमेरिका?’

*

एकदा तोंड पोळल्यावर मी एकदम पंडिता झाले. कोर्सच्या सरांना विचारून आले आणि एका पुठ्ठ्यावर नियम लिहून कॉम्प्युटरच्या वर चिकटवले. सगळं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असलं तर खोटं. न ओळखणारा माणूस ‘प्रिय मित्र’ म्हणाला तर खोटं. घाई करा म्हणाला तर खोटं, भरपूर पैसा म्हणाला तर शंभर टक्के खोटं. असं पत्र उघडायचं नाही, उत्तर तर मुळीच द्यायचं नाही, सरळ पुसून टाकायचं. उत्तर दिलं की त्या लोकांना कळतं, इथं कोणीतरी जिवंत आहे. मग ते तुमचा पत्ता दहा जणांना देतात.

यात काही चूक नव्हतं. आजही नाही. पण नाना.

‘पुसायचं म्हणजे?’ त्यांनी विचारलं.

‘म्हणजे काढून टाकायचं. खोटी पत्रं आहेत ही.’

‘पत्र आलंय ना? मग आधी छाप. तारेला लाव. उत्तर जाईल.’

‘अहो नाना, त्यानं हे हजारो लोकांना पाठवलंय!’

‘आपल्याला किती आली?’

‘एक.’

‘मग आपण एकच उत्तर देऊ.’

मी शेठकडं तक्रार घेऊन गेले. शेठ म्हणाले, ‘नानांचं एवढं ऐका ताई, बाकी तुमचं सगळं मी ऐकतो.’ ते बाकी माझं काहीच ऐकत नव्हते.

मग सुरू झाला तो छळ. सकाळी मी मोडेम लावायची. ते कोंबडी कापल्यासारखं ओरडायचं. गिरणीत फोनची लाइन एकच. मी पत्रं उतरवत असताना शेठना इंदूरच्या दलालाला भाव विचारायचा असायचा. ते रिसीव्हर उचलायचे, की माझी लाइन तुटायची. मी आतून ओरडायची, ते बाहेरून ओरडायचे. शेवटी पत्रं उतरायची. मी करकर करणाऱ्या प्रिंटरवर ती छापायची, नाना एकेक पत्र तारेला लावायचे, आणि मग माझ्या खोलीत येऊन माझ्याकडं पाठ करून बसायचे. कॉम्प्युटरकडं तोंड करून ते कधीच बसले नाहीत. ‘स्वतःच उजेड पाडणाऱ्या वस्तूकडं बघून माणसाला काही दिसत नाही,’ म्हणायचे. भिंतीकडं बघत उत्तर सांगायचे आणि मी त्याचं इंग्रजी करायची.

उत्तर ठरलेलं असायचं. ‘आपलं पत्र पोचलं. आनंद झाला. आपण मूळचे कुठले, घरी कोण कोण, मामा कोण, बहिणी कुठं दिल्या, आणि आमच्याकडच्या कोणाशी आपली ओळख निघते का, ते कळवावं. मग पुढचं बोलू.’

सोयरीक जुळवायची चौकशी ही! त्यांच्या गावाकडची, पिंपळनेर–साक्रीची, निम्मी लग्नं नानांनी अशीच जुळवली होती आणि मोडलीही होती. ‘मामेकूळ’ या शब्दाचं इंग्रजी करताना माझा घाम निघायचा. आणि हे उत्तर मी कोणाला पाठवत होते? पाकिटं चिकटवून लखपती व्हा म्हणणाऱ्याला. टकलावर केस उगवून देणाऱ्याला. मेलेल्या मंत्र्याच्या विधवेला, जिच्याकडं म्हणे पेट्याच्या पेट्या भरून नोटा होत्या आणि त्या ठेवायला साऱ्या जगात फक्त जळगावच सापडलं होतं. त्या विधवेला नानांनी जास्तीचं विचारलं: ‘यजमानांच्या कार्याला माहेरचं कोण कोण आलं होतं?’

उत्तरं यायची. भराभर यायची. ‘प्रिय नाना, आपल्या प्रेमळ पत्रानं मन भरून आलं. देव आपलं भलं करो. आता कृपया आपल्या खात्याचा नंबर पाठवा.’ एकानं तर ‘प्रिय मॅडम नाना’ असंही लिहिलं.

मी वाचून दाखवायची. नाना भिंतीकडं बघूनच विचारायचे, ‘राग आला का त्याला?’

‘राग कसला? उलट गोड गोड लिहिलंय.’

‘मामाचं काही?’

‘एक अक्षर नाही.’

‘अन् राग नाही?’

‘नाही हो, नाही!’

‘हं.’ आणि पत्र दुसऱ्या तारेत जायचं. चेहरा असा, जणू हातातोंडाशी आलेलं स्थळ गेलं.

रोज तेच. ‘राग आला का त्याला?’ दहा पत्रांची वीस झाली, विसाची पन्नास. इ-मेलची पेटी भरून वाहायला लागली. त्यात एखादं खरं गिऱ्हाईक आलं असतं तरी मला दिसलं नसतं, आणि दिवाळी तर जवळ येत चालली होती. मी घरी जाऊन नवऱ्याला सांगायची, ‘हा म्हातारा माझी खुर्ची घालवणार.’ नवरा म्हणायचा, ‘मग त्यांना सांग ना तसं.’ सांगितलं. एकदा भर कचेरीत सांगितलं. ‘नाना, तुमच्या या चौकश्यांपायी माझी नोकरी जाईल!’

ते मान हलवत म्हणाले, ‘तू भारी चिडतेस बाई.’ त्यात काळजी नव्हती, कौतुक होतं. त्यानं मी अजूनच चिडले.

*

त्यांच्या सोयरिकीच्या चौकशीला एकदा मी स्वतः हजर होते. धुळ्याला, माझ्या नणंदेच्याच ओळखीतल्या एका मुलीसाठी. मुलाकडची माणसं खानदानी, घर चकचकीत, बासुंदीचा बेत. नानांनी दोन वाट्या बासुंदी पिऊन मुलाच्या बापाला विचारलं, ‘घरात कोणाला वेडाचे झटके येतात का?’ मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. पण मुलाचा बाप हसला. म्हणाला, ‘नाही हो नाना, विचारलं ते बरं केलंत. अजून बासुंदी घ्या.’ नाना उठले. रस्त्यावर आल्यावर मुलीच्या बापाला म्हणाले, ‘इथं देऊ नको.’ का, ते सांगितलं नाही.

तिथून आम्ही दुसऱ्या घरी गेलो. साधं घर. तिथंही तोच प्रश्न. मुलाच्या बापानं चहाची कपबशी ओसरीवर फेकली आणि नानांना दारापर्यंत घालवायला आला, पोचवायला नव्हे, घालवायला. नाना बाहेर येऊन धोतरावरचा चहा झटकत म्हणाले, ‘इथं दे.’

स्टँडवर मला पोचवायला आलेल्या नणंदेला मी म्हटलं, ‘म्हातारा चळला आहे.’ मला वाटलं, बासुंदी पातळ होती म्हणून ते स्थळ मोडलं.

*

नवरात्र झालं आणि मस्कतहून ते पत्र आलं.

माझ्या पुठ्ठ्यावरचे सगळे नियम त्या एका पत्रात गोळा झाले होते. सगळी अक्षरं मोठी. सुरुवात ‘प्रिय मित्रा’. मग ‘तातडीचं’. मग ‘तुम्हाला भरपूर पैसा मिळेल’. मग ‘आजच्या आज उत्तर द्या’. शेवटी तूरडाळ असा शब्द होता, पण मी तिथपर्यंत वाचलंच नाही. छापलेल्या कागदावर लाल शाईनं ‘खोटं’ लिहिलं आणि तारेला लावलं. नानांनी नेहमीप्रमाणं उत्तर सांगितलं, मी नेहमीप्रमाणं दात ओठ खात पाठवलं. मूळचे कुठले, मामा कोण, बहिणी कुठं दिल्या.

दोन दिवसांनी उत्तर आलं. मी उभ्यानंच वाचायला लागले आणि वाचता वाचता खुर्चीत बसले.

तो माणूस खरा होता. मस्कतमध्ये त्याचा डाळ-तांदळाचा मोठा धंदा होता. जुन्या टेलेक्सची सवय म्हणून तो सगळं मोठ्या अक्षरांत लिहायचा. व्यापाऱ्यांच्या कुठल्याशा यादीत त्यानं आमच्या गिरणीचं नाव बघितलं होतं. आणि आता तो पेटला होता. ‘मी तुम्हाला तूरडाळीचा भाव विचारला. तुम्ही मला माझ्या आईचा भाऊ कोण ते विचारता? तुम्ही डाळ विकता की लग्नं लावता? माझ्या बहिणी कुठं दिल्या याच्याशी तुमच्या गिरणीचं काय देणंघेणं? इतक्या वर्षांच्या धंद्यात माझा असा अपमान कोणी केला नाही. परत मला लिहू नका.’

माझ्या डोळ्यांपुढं पापडांचा पाट आला. अगदी त्याच्यावरच्या तेलाच्या डागासकट.

‘काय म्हणतो?’ नानांनी भिंतीकडं बघत विचारलं.

‘काय म्हणतो? काय म्हणतो विचारता?’ माझा आवाज गिरणीच्या पट्ट्यावरून पार हमालांपर्यंत गेला. ‘गेलं गिऱ्हाईक! पहिलं आणि शेवटचं! खराखुरा माणूस होता, आणि तुम्ही त्याला त्याच्या बहिणी विचारल्या! आता बसा तुमच्या तारेला उत्तरं टोचत!’

तेव्हा नाना वळले. त्या खोलीत पहिल्यांदाच त्यांनी कॉम्प्युटरकडं तोंड केलं.

‘राग उना त्याले?’

‘आला!’

‘कितला?’

मी सगळं पत्र मराठीत वाचून दाखवलं, मधे कुठं काही मऊ केलं नाही. ‘डाळ विकता की लग्नं लावता’ ला नानांचा चेहरा उजळायला लागला. ‘अपमान’ म्हटल्यावर ते जागेवरून उठलेच.

‘खरा माणूस शे!’ ते ओरडले. ‘बलाव शेठले! खरा माणूस शे!’

‘अहो पण गेला ना तो!’

‘ऐक,’ ते माझ्यासमोर येऊन बसले. ‘लबाड माणसाला राग परवडत नाही. तुम्ही त्याला काही विचारा, त्याच्या आईबापावरून विचारा, तो हसेल, अजून बासुंदी घ्या म्हणेल. त्याला पुढं तुमच्याकडून काहीतरी काढायचं असतं. ज्याचं घर उघडं आहे, त्यालाच राग येतो. एवढी पत्रं आली तुझ्या डब्यात. एक तरी चिडलं? त्या विधवेला मी नवऱ्याच्या कार्याचं विचारलं. खरी असती तर रडली असती नाहीतर शिव्या दिल्या असत्या. तिनं नंबर मागितला.’

मला धुळ्याची ओसरी आठवली. फुटलेली बशी.  पण खुर्चीची काळजी अजून होतीच.

‘मान्य, खरा आहे. पण परत लिहू नका म्हणालाय.’

‘ज्याला जायचं असतं तो न बोलता जातो. चिडलेला माणूस दारातच उभा असतो, कोणी हाक मारतंय का बघत.’ आणि म्हणाले, ‘तूसुद्धा गेटापर्यंतच गेली होतीस ना?’

मला कळायला जरा वेळ लागला.

‘मला तुम्ही… सर्टिफिकेट बघून घेतलं ना नाना?’

‘कुठलं सर्टिफिकेट? तू फाईल आपटलीस तेव्हा तिची दोरी माझ्या चहात पडली. ओली फाईल कोण उघडतंय?’

म्हणजे भाजीवालीला सांगितलेलं ते सगळं!

इतका राग आला मला. आणि त्या रागातच मी कीबोर्ड ओढला. नानांना म्हटलं, ‘तुम्ही बोलू नका. एक शब्द सांगू नका. मी लिहिते.’ आणि मस्कतला लिहिलं: ‘महोदय, आमचे दिवाणजी हे प्रश्न सगळ्यांना विचारतात. मला त्यांनी नवऱ्यानं टाकलंय का असं विचारलं होतं. मी फाईल आपटून निघाले होते, तरी इथं नोकरी करते, कारण त्यांचा स्वभाव वाईट असला तरी आमची डाळ चांगली आहे. तुमचा राग मला पूर्णपणे समजतो. मला तो रोज येतो. सोबत भाव देत आहे. वानगी उद्या पाठवते. तुमच्या बहिणींबद्दल आम्हाला काहीही जाणून घ्यायचं नाही.’

माझ्या पुठ्ठ्यावरच्या कुठल्याच नियमात बसत नाही असं पत्र होतं ते. व्यापारी पत्रलेखनाच्या पुस्तकात तर नव्हतंच.

मधले आठ-दहा दिवस मी कसे काढले, ते मोडेमला विचारा. शेठनी रिसीव्हर उचलला की त्यांनी माझ्या लेकराला मारल्यासारखं मी त्यांच्याकडं बघायची. आणि मग उत्तर आलं, मोठ्या अक्षरांतच. ‘वानगी मिळाली. डाळ चांगली आहे. एक कंटेनर पाठवा, कागद करा. तुमच्या दिवाणजीला सांगा, मला पाच मामा आहेत आणि जमिनीवरून एकही माझ्याशी बोलत नाही. एवढ्यानं त्याचं समाधान होईल का?’

मी वाचून दाखवलं. नानांनी तो कागद माझ्या हातातून घेतला. मग म्हणाले, ‘जमिनीवरून मामाशी भांडण? मग तर आपल्यातलाच निघाला.’

शेठनी पेढे मागवले. या वेळी नानांनी खाल्ला. माझी खुर्ची राहिली. त्या दिवशी सगळे गेल्यावर मी दोन गिरक्या घेतल्या.

*

आता कोणी म्हणेल, म्हातारा शहाणा होता. तर तसंही नाही.

कंटेनर रवाना झाला त्या दिवशी मी धीर करून विचारलं, ‘नाना, ही छत्री नेमकी का मिटत नाही?’ ते जरा अवघडले. धुळ्याच्या एस.टी. स्टँडवर एका फेरीवाल्याकडून घेतली होती. नानांनी त्याला विचारलं होतं, ‘चोरीची तर नाही ना रे?’ तो असा काही भडकला, छाती बडवली, माणसं गोळा केली, छत्री जमिनीवर आपटली. नानांनी जागच्या जागी विकत घेतली.

‘आपटली तेव्हाच तिचा खटका गेला असणार,’ मी म्हटलं.

‘हो. पण चोरीची नव्हती.’

‘कशावरून?’

‘केवढा चिडला होता तो!’

या माणसापुढं डोकं फोडून घ्यावं की काय करावं, मला त्या दिवशीही कळलं नाही, आज नातवंडं झाली तरी कळत नाही. आणि पत्रांना उत्तरं द्यायचं त्यांनी त्यानंतरही थांबवलं नाही. उलट हुरूप आला. मस्कतची गिऱ्हाइकी लागल्यावर तर ‘बघ, उत्तर दिलं म्हणून’ एवढं एकच वाक्य मला पुढं वर्षानुवर्षं ऐकवलं. मी म्हणायची, ‘मी लिहिलं म्हणून!’ ते म्हणायचे, ‘तेच ते.’ तेच ते कसं? पण शेवटी मी एक केलं. त्यांच्या पत्रांसाठी वेगळी पेटी उघडून दिली आणि गिरणीच्या पेटीला कुलूप घातलं. त्यांच्या पेटीत जगभरचे लबाड दाटीवाटीनं नांदायचे आणि सगळे त्यांना ‘प्रिय नाना’ म्हणायचे. नाना त्यांना त्यांचे मामा विचारत राहिले. एकाचाही राग त्यांना शेवटपर्यंत मिळाला नाही.

मग ते थकले आणि पिंपळनेरला गावी गेले. मला पत्ता दिला नाही. आजारी पडले, कळवलं नाही. गेले, तेही मला एका हमालाकडून कळलं, आठ दिवसांनी. जगातल्या एकूण एक भामट्याला उत्तर पाठवणारा माणूस, आणि मला दोन ओळी नाहीत! मी एस.टी.त बसले ती साक्री येईपर्यंत मनात त्यांच्याशी भांडत.

घर विचारत विचारत गेले. अंगणात ती छत्री उघडी, उलटी, तुळशीशेजारी पडली होती. तिच्यात कोणीतरी मिरच्या वाळत घातल्या होत्या. दारात त्यांची सून उभी होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि सासऱ्याच्याच सुरात विचारलं, ‘तुम्ही नानांच्या कोण? जळगावच्या का? कोणाकडच्या?’

काय सांगणार? नातं काही नव्हतं. कॉम्प्युटर ऑपरेटर हे तिथं सांगून उपयोग नव्हता. आणि प्रवासभर तापलेलं सगळं तोंडातून बाहेर पडलं.

‘कोणी नाही,’ मी म्हटलं. ‘मला त्यांचा फार राग येतो.’

तिनं दारातून अंग बाजूला घेतलं.

‘मंग घरनाच शेतस तुम्ही,’ ती म्हणाली. ‘या, मझार या.’